शाळेपासून पगारापर्यंतची वाट

रमजानचे दिवस आले की घराघरांत जकातीचा हिशेब सुरू होतो. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेहून अधिक बचत वर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी बाजूला काढायचा, हा नियम. पूर्वी ही रक्कम बहुतेक धान्य, कपडे आणि ईदच्या शिध्यात जात असे. आता बऱ्याच गावांतल्या जमाती आणि संस्था तिचा काही भाग मुलामुलींच्या शिक्षणासाठी राखून ठेवतात. त्यामागचा हिशेब सरळ आहे. शिधा महिनाभर पुरतो. पण घरातले एक मूल शिकून कमावते झाले, तर ते घर जकात घेणाऱ्यांच्या यादीतून देणाऱ्यांच्या यादीत जाते.

हाच हिशेब शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका राजाने आपल्या सबंध संस्थानासाठी मांडला होता. कोल्हापूरच्या दसरा चौकात आजही मुस्लिम बोर्डिंग उभे आहे. त्याच चौकात त्या राजाचा पुतळाही आहे. राजर्षी शाहू छत्रपतींचे नाव महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. आरक्षणाचे जनक म्हणून ते भाषणांत येतात, २६ जूनला त्यांच्या प्रतिमेला हार घातले जातात. मात्र शाळा, वसतिगृह, नोकरी आणि धंदा हे त्यांनी एकमेकांना कसे जोडले, ते फारसे सांगितले जात नाही.

कागलचा यशवंत

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाई ते अवघे तीन वर्षांचे असताना गेल्या. कोल्हापूरच्या गादीवरील चौथे शिवाजी महाराज १८८३च्या अखेरीस वारले. त्यांना वारस नव्हता. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी नऊ वर्षांच्या यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले. दोन वर्षांत वडील जयसिंगराव आबासाहेबही गेले. राजवाड्यात राहणारा हा मुलगा अशा रीतीने लहानपणीच पोरका झाला. आईबापाविना वाढणाऱ्या मुलाला काय काय लागते, हे कळायला त्याला पुस्तकाची गरज पडली नसावी.

पुढचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझर या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली झाले. इंग्रजी, इतिहास आणि राज्यकारभार यांबरोबरच त्यांना संस्थानात आणि देशभर हिंडवून माणसे दाखवली गेली. शरीर धिप्पाड, कुस्तीचा आणि शिकारीचा शौक. शेतकऱ्याच्या बांधावर बसून चटणी-भाकरी खाण्यात त्यांना संकोच वाटत नसे. १८९१ मध्ये बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाईंशी त्यांचा विवाह झाला. २ एप्रिल १८९४ रोजी कारभाराची सूत्रे हाती आली तेव्हा वयाची वीस वर्षेही पुरी झालेली नव्हती.

कचेरीतले चित्र

नव्या राजाने कारभाराकडे पाहिले तेव्हा एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकारपदे होती. त्यांतली ६० ब्राह्मण समाजाकडे होती. कारकुनांच्या जागांवरही तेच चित्र होते. रयत मात्र मराठा, कुणबी, लिंगायत, जैन, धनगर, मुसलमान, महार, मांग, चांभार, साळी, कोष्टी अशी अठरापगड.

याचे कारण शिक्षणात होते. लिहिण्या-वाचण्याची परंपरा ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांना कचेरीचे दार उघडे होते. इतरांच्या घरात पाटीच नव्हती. मुसलमानांचेही तेच. एकेकाळी पदरी शिपाईगिरी, किल्ल्यांवर चाकरी, फारसी लिहिता येणाऱ्याला दरबारात काम, अशी रोजी होती. फौजा मोडल्या, फारसीचा मान गेला, इंग्रजी आणि मराठी लिहिता येणाऱ्यांचे दिवस आले. बागवान, आतार, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशी नावे लावणारी कुटुंबे आपापल्या पेशात तग धरून राहिली. मुलगा आठ-नऊ वर्षांचा झाला की बापाच्या हाताखाली बसायचा. कमाई आज हातात पडत होती, शिक्षणाचे फळ दहा वर्षांनी मिळणार होते, आणि मिळेलच याची खात्री नव्हती. गरिबाच्या घरात हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. तो निर्णय बदलायचा असेल, तर आधी त्याचा हिशेब बदलावा लागतो. शाहू महाराजांनी पुढची अठ्ठावीस वर्षे हेच केले.

सुरुवातीची वर्षे मात्र संकटांची गेली. १८९६-९७ चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग. महाराज स्वतः गावोगाव फिरले. स्वस्त धान्याची दुकाने काढली, तगाई वाटली, रस्ते आणि तलावांची कामे काढून लोकांच्या हाताला काम दिले. त्या फिरण्यात त्यांना आपली रयत जवळून दिसली. ज्याच्या घरात एकही नियमित पगार नाही, त्याचे घर पहिल्याच दुष्काळात कोसळते, हेही दिसले.

राहायचे कुठे, जेवायचे कुठे?

खेड्यातल्या मुलाला पुढे शिकायचे तर कोल्हापूरला यावे लागे. शाळेचा खर्च एकवेळ जमेल, पण मूल राहणार कुठे आणि जेवणार कुठे? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी वार लावून जेवण्याची रीत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. त्या रीतीवर कित्येक हुशार मुले शिकून मोठी झाली. कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या मुलाला असे वार लावणारे कोणी नव्हते. शहरात त्याच्या जातीची, ऐपत असलेली घरेच मोजकी. अस्पृश्य मुलाला तर भाड्यानेही खोली मिळणे कठीण.

१८९६ मध्ये महाराजांनी राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींना खुले असे वसतिगृह काढून पाहिले. दार सर्वांना उघडे होते, पण आत आले ते आधीपासून शिकत असलेल्या समाजाचेच विद्यार्थी. इतर समाजांतली मुले दारापर्यंत पोहोचलीच नाहीत. दार उघडे ठेवणे आणि माणसाला दारापर्यंत आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या अनुभवाने दिला.

म्हणून १९०१ मध्ये वाट बदलली. मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघाले. दरबाराने जागा आणि अनुदान द्यायचे, समाजाने वर्गणी काढायची, कारभार समाजातल्याच जाणत्या माणसांनी पाहायचा, अशी रचना. आपल्या माणसांचे बोर्डिंग म्हटल्यावर खेड्यातला बाप मुलाला पाठवायला तयार झाला. तिथे त्याच्या घरचे अन्न शिजत होते, सण पाळले जात होते, ओळखीचा कोणीतरी देखरेखीला होता. मग लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, वैश्य, ख्रिस्ती, ढोर-चांभार, सुतार, नाभिक अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येच्या नावावरून ते मिस क्लार्क बोर्डिंग म्हणून ओळखले जाऊ लागले. कोल्हापूरला वसतिगृहांचे माहेरघर म्हणतात ते यामुळेच.

भास्करराव जाधव आणि अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे शिकलेले सहकारी महाराजांना लाभले. पण प्रत्येक वसतिगृहाची काळजी ते स्वतः घेत. संस्थानाबाहेरही, नाशिकपासून नागपूरपर्यंत, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढणाऱ्यांना त्यांची मदत पोहोचली.

मुस्लिम बोर्डिंग

मुसलमान मुलांची गोष्ट जराशी निराळी होती. सुरुवातीला काही मुस्लिम विद्यार्थ्यांची सोय महाराजांनी मराठा बोर्डिंगमध्येच केली. एकाच छताखाली मराठा आणि मुसलमान मुले राहू लागली. पण तेवढ्याने गरज भागणारी नव्हती. समाजाने स्वतः उभे राहावे अशी महाराजांची इच्छा होती. समाजात मात्र पुढाकार घेणारे शिकलेले लोक थोडे आणि हातातला पैसा त्याहून थोडा.

१९०६ मध्ये महाराजांनी कोल्हापुरातील मुस्लिम मंडळींना एकत्र केले. त्या बैठकीतून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी जन्माला आली. अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. हिंदू छत्रपती मुस्लिम शिक्षण संस्थेचा अध्यक्ष, हे त्या काळात देशात क्वचितच कुठे दिसले असेल. याच संस्थेने मुस्लिम बोर्डिंग उभे केले. दरबाराने जागा दिली, अनुदान दिले. खेड्यापाड्यांतली मुस्लिम मुले तिथे राहून शहरातल्या शाळेत जाऊ लागली.

महाराजांच्या मनात मुसलमान हा परका समाज नव्हता. ख्यातनाम गायक अल्लादियाखाँ त्यांच्या दरबारी होते, चित्रकार आबालाल रहमान यांना त्यांचा आश्रय होता, तालमीत मुसलमान मल्ल होते. कुरआनचे मराठीत भाषांतर व्हावे म्हणून त्यांनी पैसा उभा केला, म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला आपला धर्मग्रंथ आपल्या बोलीत समजावा आणि शेजाऱ्यालाही तो वाचता यावा. तरीही कलावंताला आश्रय देणे आणि आतार-बागवानांच्या मुलांना शाळेत बसवणे यांत फरक आहे. आश्रयाने एका माणसाचे भले होते. वसतिगृहात एका पाठोपाठ एक तुकड्या येत राहतात.

रमजान हा ज्ञानाचाही महिना आहे. कुरआनचे अवतरण याच महिन्यात सुरू झाले आणि पहिली आज्ञा वाचण्याची होती, ही श्रद्धा प्रत्येक मुसलमानाच्या घरात सांगितली जाते. सांगणे सोपे असते. वाचायला बसणाऱ्या मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. कोल्हापुरात ती एका राजाने घेतली.

२६ जुलै १९०२

शिकून पुढे काय, हा गरीब बापाचा पुढचा प्रश्न. कचेरीत जागा आधीच भरलेल्या, ओळखीपाळखीने पुढेही तशाच भरल्या जाणार. मग वसतिगृहातली वर्षे फुकट.

१९०२ मध्ये महाराज सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले होते. त्याच प्रवासात केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. तिथे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी त्यांचा आदेश करवीर संस्थानच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गातील लोकांना द्यायच्या. ज्या खात्यात हे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथे पुढची नेमणूक मागासलेल्या वर्गातूनच करायची. प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी आपल्याकडील नेमणुकांचा तक्ता पाठवायचा. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व मागासलेले, अशी व्याख्या केली होती. मुसलमान साहजिकच तिच्यात आले.

या आदेशातला तिमाही तक्ता फार महत्त्वाचा. चांगला हुकूम निघतो आणि कपाटात पडून राहतो, हे नवे नाही. तक्ता मागितला की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते. दहा वर्षांनी, १९१२ मध्ये, ९५ अधिकारपदांपैकी ब्राह्मण समाजाकडे ३५ होती. कचेऱ्यांत शिकलेले मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान बसू लागले. एका खेड्यातला एक मुलगा कारकून झाला की आजूबाजूच्या दहा घरांना शाळेचा अर्थ कळत होता.

विरोध झाला. १८९९ नंतरच्या वेदोक्त प्रकरणाने वातावरण आधीच तापलेले होते. महाराज जातीजातींत भांडणे लावतात, लायकी नसलेल्यांना जागा देतात, अशी टीका वर्तमानपत्रांतून झाली. एक गोष्ट कोल्हापुरात अजून सांगितली जाते. सांगलीच्या एका वकिलांनी महाराजांशी या विषयावर वाद घातला. महाराजांनी त्यांना घोड्यांच्या पागेत नेले. चंदी घोड्यांच्या तोबऱ्यांतून न देता एकत्र पसरायला सांगितली. तगडे घोडे पुढे झाले, त्यांनी फस्त केली. अशक्त घोडे आणि शिंगरे मागे उभी राहिली. वकिलांना उत्तर मिळाले होते. गोष्ट लोकांच्या तोंडी थोडीफार रंगलेली असेल, पण तिचा मथितार्थ महाराजांच्या साऱ्या कारभारात दिसतो.

नोकरीच्या पलीकडची रोजी

सरकारी जागा किती असणार? सगळ्यांना कारकून करता येत नाही, हे महाराज जाणून होते. म्हणून रोजीच्या दुसऱ्या वाटाही त्यांनी काढल्या. कोल्हापूरचा गूळ आधीपासून नावाजलेला. त्याच्या व्यापारासाठी शाहूपुरी पेठ वसवली. १९०६ मध्ये, म्हणजे मोहामेडन एज्युकेशन सोसायटीच्याच वर्षी, शाहू छत्रपती स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलची पायाभरणी झाली. पुढे तीत शेकडो हातांना काम मिळाले. शेतीचे नवे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत जावे म्हणून शेती संस्था काढली, प्रदर्शने भरवली. भोगावती नदीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही, स्वातंत्र्यानंतर झाले. आज त्या परिसरातली शेती त्याच पाण्यावर उभी आहे.

गावचा कारभार नीट चालावा म्हणून पाटलांना शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. १९१८ मध्ये वंशपरंपरेने चालत आलेली कुलकर्णी वतने बंद केली आणि पगारी तलाठी नेमले. तलाठ्याचे काम शिकवून इतर समाजांतील मुलांना, अस्पृश्यांनाही, त्या जागांवर बसवले. आतापर्यंत ज्या दप्तराकडे ज्यांनी दुरूनच पाहिले, ते दप्तर त्यांच्या काखोटीला आले. काही अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. राजवाड्यातही माहूत, गाडीवान अशा कामांवर अस्पृश्यांची नेमणूक केली.

त्याच वर्षी महार वतनाची पद्धतही मोडली. या वतनात जमिनीच्या एका लहानशा तुकड्याच्या बदल्यात सबंध कुटुंबाने गावची बिनमोल कामे करायची असत. बाप आजारी पडला तर मुलाने जायचे. असे मूल शाळेत किती दिवस बसणार? वतनी जमीन महाराजांनी त्यांच्या नावे रयतावा केली. आता ती त्यांची होती आणि वेठीचा फास सुटला होता.

यातला सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत लक्षात राहणारा प्रसंग गंगाराम कांबळे यांचा. राजवाड्याच्या सेवेतले हे गृहस्थ. सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी मारणाऱ्याला शिक्षा केली. गंगारामांना चाकरीतून मोकळे केले आणि स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. गंगारामांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर चहाचे हॉटेल काढले. हॉटेल झकास, स्वच्छ. गिऱ्हाईक मात्र येईना, अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराजांना हे समजले. मग फेरफटक्याला निघाले की ते आपली गाडी हॉटेलासमोर थांबवत आणि गंगारामांच्या हातचा चहा मागवत. सोबतच्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागे. पुढे महाराजांनी त्यांना सोडा तयार करण्याचे यंत्रही घेऊन दिले.

भांडवल दिले म्हणजे काम झाले, असे त्यांनी मानले नाही. बाजारात त्या माणसाचा माल खपला पाहिजे. ज्यांच्याकडे बाजार पाठ फिरवतो, त्यांच्याकडचे पहिले गिऱ्हाईक राजाने व्हायचे असते, हे त्यांनी करून दाखवले.

प्रत्येक गावात शाळा

१९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा कायदा झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना महिन्याला एक रुपयापर्यंत दंड ठेवला. त्या काळच्या शेतमजुराला तो मोठाच होता. पण दंडाआधी शाळा त्यांच्या गावात नेली होती आणि फी माफ केली होती. पैसा दरबारच्या तिजोरीतून आला, लोकांवर शिक्षणासाठी थोडा करही बसवला.

या कामात उणिवा होत्याच. अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बराच काळ तशाच चालू होत्या. त्या बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम १९१९ मध्ये निघाला. प्रत्येक जातीचे वेगळे वसतिगृह ही गोष्ट आज खटकते आणि तेव्हाही काहींना खटकली. जातीचे बोर्डिंग जातच पक्की करील, ही शंका खोटी नव्हती. महाराजांनी ती जोखीम पत्करली. कारण सर्वांचे एक वसतिगृह त्यांनी आधी काढून पाहिले होते आणि ते एका समाजाचेच झाले होते.

स्त्रीशिक्षणाचा प्रश्न त्यांच्या घरातच उभा राहिला. १९१८ मध्ये धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. त्यांच्या पत्नी इंदुमती तेव्हा अगदी कोवळ्या वयाच्या. विधवा सुनेला अंधाऱ्या खोलीत बसवण्याऐवजी महाराजांनी तिच्यासाठी सोनतळीला शिक्षणाची व्यवस्था केली आणि सोबत इतर मुलींनाही शिकायला ठेवले. कृष्णाबाई केळवकर यांना डॉक्टर होण्यासाठी त्यांनी मदत केली आणि त्यांच्या शिक्षणाचा लाभ कोल्हापूरच्या स्त्रियांना मिळाला.

मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते तरुण डॉ. भीमराव आंबेडकर. महाराज स्वतः तिथे गेले आणि या समाजाला आपला पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जाहीर केले. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पत्राला आणि पुढच्या विलायतेतील शिक्षणाला त्यांनी आर्थिक हातभार लावला.

रमजानातली एक सकाळ

१९२२च्या एप्रिलअखेर हिजरी १३४०चा रमजान सुरू झाला. आठवडा उलटला आणि ६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस. कोल्हापुरात ही बातमी पोहोचली तेव्हा मुसलमान वस्तीत रोजे चालू होते. त्या वस्तीतली किती तरी मुले तोवर बोर्डिंगमध्ये राहून शिकून गेली होती.

महाराजांच्या कामाचा पुढचा धागा एका जैन शेतकरी कुटुंबातल्या मुलाने पकडला. भाऊराव पाटील कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर विटाळ गेला म्हणून आंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. आसरा मिळाला तो राजवाड्यात. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. तिथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत आणि शेतात, बांधकामावर राबून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवत. कमवा आणि शिका ही योजना ती हीच. वसतिगृहात धान्य नव्हते तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला नाव दिले गेले, छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस.

शाहू महाराजांचे जे सर्वांचे वसतिगृह १८९६ मध्ये साधले नव्हते, ते त्यांच्या नावाने अठ्ठावीस वर्षांनी साताऱ्यात साधले. मधल्या काळात जातीजातींच्या बोर्डिंगांनी पहिली पिढी शाळेपर्यंत आणली होती, म्हणून ते शक्य झाले.

आजही खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलाचा आणि मुलीचा पहिला प्रश्न खोलीचा आणि मेसचाच असतो. फी माफ होते, शिष्यवृत्ती उशिरा का होईना जमा होते, पण महिन्याचे भाडे थांबत नाही. आयटीआयमध्ये प्रवेश मिळूनही येण्या-जाण्याच्या खर्चापायी घरी बसलेली मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. जकात, फित्रा, देणगी, वर्गणी, ज्याच्या त्याच्या धर्मात आणि रिवाजात नाव वेगळे असेल. यंदा ते पैसे मोजताना गल्लीतल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खोलीचे भाडे, एखाद्या मुलीच्या मेसचे वर्षाचे पैसे, एखाद्या कारागीर पोराच्या हत्यारांची पेटी एवढा हिशेब जरूर धरावा. आणि ते पोरगे दुकान काढील तेव्हा पहिले गिऱ्हाईक म्हणून त्याच्या दारात जायलाही विसरू नये.